धाकट्याच्या छातीचं माप

माझ्या स्वभावात संशय आहे आणि तो मी लपवत नाही. दूधवाल्यानं माप ओतलं की मी भांडं वाकडं करून बघतो. डॉक्टर "काही विशेष नाही" म्हणाला की मला वाटतं, नक्की विशेष आहे. बायको म्हणते, तुम्ही प्रसादाचाही आधी वास घेता. घेतो. नाक देवानंच दिलंय.

ही हकीकत देवनागरीत लिहितोय त्यालाही कारण आहे. तंजावरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण आमच्या घरात माझ्यानंतर देवनागरी वाचणारं कुणी नाही. पोरं तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात, मराठी नुसती ऐकतात. त्यामुळे इथं खरं लिहिलं तरी खपून जाईल.

गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. गल्लीत केबल टीव्ही नुकता आला होता, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी. बूथ उघडत होते, आणि सरकारी नोकऱ्या आता आटणार असं जो तो सांगत होता. मी ओरत्तनाडूला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, रोज बसनं जाऊन-येऊन. धाकटा पदवी घेऊन घरी बसलेला. त्याला पोलिसात जायचं होतं. लेखी परीक्षेत पोरगं हुशार, पण मैदानावर मार खाल्ला. धावताना तिसऱ्या फेरीला खोकत बाजूला बसला, आणि छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी ती तीनवरच अडली. पुढच्या वर्षीची भरती ही वयाच्या अटीत बसायची त्याची शेवटची खेप होती. ती हुकली असती तर कुठल्या तरी खतांच्या दुकानात गल्ल्यावर बसणं नशिबी होतं, आणि हे तो जाणून होता.

छाती का फुगत नाही, ते सांगायला ज्योतिषी नको होता. कॉलेजपासून तो दिवसाला दहा-दहा सिगारेटी ओढायचा. पहिला झुरका त्यानं माझ्याच हातून घेतला होता, हेही सांगून टाकतो. मी स्वतः पाकीटभर ओढायचो. आमचे अप्पा विड्या ओढायचे आणि विड्यांनीच गेले. शेवटचे सहा महिने आई त्यांच्या छातीवर हात चोळत बसायची.

कालव्याच्या काठी पत्र्याच्या छपराखाली एक व्यायामशाळा होती. बसस्टँडजवळ आरशांची नवी जिम निघाली होती, तिथं डब्यातली पावडर विकायचे. ही तसली नव्हे. इथं गंजलेले डंबेल, छताला बांधलेला दोर आणि साठीचे एक मास्तर, एवढंच. धाकटा तिथं गेला, तेव्हा मीही मागोमाग गेलो. भावाला कुणी टोपी घालू नये म्हणून.

मास्तरांनी त्याची छाती शिंप्याच्या टेपनं मोजली, खडूनं भिंतीवर आकडा लिहिला आणि तमिळमधून म्हणाले, "महिनाभर लोखंडाला हात लावायचा नाही. आधी धूर सोडायचा."

"म्हणजे वजनं उचलल्याशिवाय अंग भरणार?" मी विचारलं.

"अंग वजनानं भरत नाही," ते म्हणाले. "वजन उचलताना स्नायू थकतो, झिजतो. भरतो तो नंतर, झोपेत, रक्त पोचलं की. ओढणाऱ्याच्या रक्तात वारा कमी आणि धूर जास्त. चुलीत सरपण कोंबलं आणि वारा घातला नाही तर काय होतं?"

मला हे फार गोड वाटलं, आणि गोड बोलण्याचा मला पहिल्यापासून संशय. महिनाभर काही शिकवायचं नाही, नुसतं धाव म्हणायचं, वर चुलीच्या गोष्टी. पाणी कुठं मुरतंय ते बघायला हवं, असं मी मनाशी ठरवलं.

घरी आईला कळलं. तिनं आम्हा दोघांनाही देवघरापुढे उभं केलं. म्हणाली, "दोघं मिळून सोडा. एकानं सोडायची आणि दुसऱ्यानं त्याच्यासमोर धूर काढायचा, असलं चालायचं नाही." आम्ही दोघांनी देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. धाकट्यानं ती पाळायला घेतली. मी आठ दिवस पाळली.

आठव्या दिवशी ओरत्तनाडूच्या बसथांब्यावर एक ओढली. मग तीच रोजची झाली. दुसरी पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, दूध यायच्या आधी. दिवसाला दोनच. पाकिटावरून दोनवर आलो म्हणजे जवळजवळ सोडल्यासारखंच, अशी मी मनाची समजूत घातली. सगळ्या युक्त्या मला येत होत्या: वेलची चघळायची, हात लिंबाच्या सालीनं चोळायचे, सदरा आपण होऊन धुवायला टाकायचा, घरात शिरताना आईच्या अंगावरून वारा जाणार नाही अशा बाजूनं शिरायचं.

आणि मग या सगळ्या युक्त्या मला धाकट्याच्या अंगावर दिसायला लागल्या.

पहिले पंधरा दिवस तो नुसता खोकला. आधीपेक्षा जास्त. काळपट बेडका पडायचा. डोकं दुखायचं, कुणी काही विचारलं की खेकसायचा. मी म्हटलं, बघा, सोडल्यावर तब्येत बिघडते ती अशी. मास्तर म्हणाले, घर झाडताना धूळ उडतेच. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आई, आज सांबारात हिंग जास्त झालाय." आई खूश झाली. इतकी वर्षं त्याच्या जिभेला हिंग आणि हळद सारखीच लागत होती. मग त्याला भूक लागायला लागली. खरीखुरी, पोटातून येणारी. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, केळी, आईनं पुढे ठेवलेलं सगळं फस्त. रात्री पडला की मेल्यासारखा झोपायचा. सकाळी उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचा, मास्तरांनी सांगितलं होतं म्हणून, आणि ती दर आठवड्याला जरा हळू झाली की मला येऊन सांगायचा. पूर्वी पन्नास बैठका मारल्या की चार दिवस जिना उतरताना कण्हायचा. आता दुसऱ्याच दिवशी पाय मोकळे. चौथ्या महिन्यात त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लागेना.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धवट. पण रोज संध्याकाळी व्यायामशाळा सुटल्यावर तो अर्धा तास उशिरा यायचा. आला की दारातून आत न शिरता आधी मागच्या विहिरीवर जायचा, चूळ भरायचा, बोटानं दात घासायचा, लवंग चघळायचा. सदरा स्वतः धुवायचा. आईच्या जवळ बसायचा नाही. आणि मुख्य म्हणजे देवघरात पाऊल टाकेना. पूर्वी रोज देव्हाऱ्यापुढे वाकणारा पोरगा, आता उंबऱ्याबाहेरून हात जोडून सटकायचा. शपथ मोडल्याशिवाय माणूस देवाला टाळेल कशाला? मी मात्र रोज देवपूजा करत होतो, हात लिंबानं चोळून.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. तेव्हा हे मला सुचलं नाही. तेव्हा मला फक्त राग येत होता. मी दोन ओढतो ते निदान मला माहीत आहे, आणि हा मात्र साऱ्या जगाला फसवतोय, मास्तरांना, आईला, वर मला येऊन नाडी सांगतोय.

एका शनिवारी मी घरातली टेप खिशात घालून व्यायामशाळेत गेलो. मला वाटत होतं, मास्तरांची टेप ताणलेली असणार. दर शनिवारी भिंतीवर आकडा वाढवायचा, पोरगं खूश. मास्तरांनी माझ्या हातातली टेप बघितली, घेतली आणि तिनंच धाकट्याला मोजलं. फुगवून पाच सेंटिमीटरच्या वर गेली, थोडी जास्तच.

"तरी हा ओढत असेल तर?" मी त्याच्यादेखतच विचारलं.

धाकटा जमिनीकडे बघत राहिला. मास्तर म्हणाले, "ओढणाऱ्याची छाती कशी फुगते ते बघायचंय? या, तुमची मोजतो."

नाही कसं म्हणणार? मी श्वास भरला. वर भरायला गेलो तर खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी. टेप दोनच्या आतच थांबली. मास्तरांनी खडू घेतला आणि धाकट्याच्या आकड्याखाली माझा आकडा लिहिला. धाकट्यानं तो आकडा बघितला आणि दोराकडे निघून गेला.

मी घरी येताना स्वतःला समजावलं की बसच्या धुळीनं माझी छाती अशी झाली आहे.

भरतीला दहा-बारा दिवस उरले होते. आई वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, घालत होती. गच्चीवर जुनं धोतर अंथरून त्यावर ओळीनं तांदळाचे वडाम, वर राखणीला काळा कपडा टांगलेला. दुपारी ती वडाम उलटायला वर गेली आणि खाली आली ती चिमट्यात काहीतरी धरून. ते सिगारेटचं थोटूक होतं. वाळवणावर पडलेलं, सोनेरी पट्टीचं.

सोनेरी पट्टीची मी ओढत होतो. ते माझं होतं, हे मला बघताक्षणी कळलं. टाकीमागून फेकलेलं वाऱ्यानं उडून आलं असणार. धाकटा घरी होता, मीही, रविवार होता. आईनं विचारलं, "हे कुणाचं?"

आणि मी म्हणालो, "त्याला विचार."

त्या वेळचं माझं गणित असं होतं, की तोही ओढतोच आहे, मग थोटूक माझं काय आणि त्याचं काय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आपल्यात उगीच नाही. मी एवढ्यावर थांबलोही नाही. त्याचा उशीर, लवंगा, विहिरीवरच्या चुळा, धुतलेले सदरे, सगळं भडाभडा सांगितलं. वर म्हणालो, "आई, तो देव्हाऱ्याला हात लावत नाही, बघितलंस का? आत्ता लावायला सांग. ओढत नसेल तर लावेल."

आई त्याच्याकडे वळली. "लाव रे बाळा. एकदा लाव आणि याचं तोंड बंद कर."

तो देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. तिथं थांबला. मी त्याचे पाय बघत होतो. पाय आत गेले नाहीत.

"नाही लावणार," तो म्हणाला.

"का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझंच आहे ते थोटूक. मी ओढतो."

आईनं चिमटा खाली ठेवला, अप्पांच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसली आणि पदरानं हात पुसत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. वडाम तिनं सगळे गाईला घातले. मला आतून जिंकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी टाकीमागे गेलो आणि नेहमीपेक्षा एक जास्त ओढली.

भरतीचं मैदान तिरुचीला होतं. मी रजा काढून त्याच्याबरोबर गेलो. आईनं पाठवलं, हे एक कारण. दुसरं, तो कुठं खोकून बसतो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. हे लिहायला जिवावर येतंय, पण तसंच होतं.

मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. धावणं सुरू झालं. पहिल्या फेरीत तो मागे होता. दुसरीत मधे. तिसऱ्या फेरीला मी तार घट्ट धरली, गेल्या खेपेला तो तिथंच बसला होता. तो माझ्यासमोरून गेला. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं, खांदे सैल. मी नकळत कुंपणाच्या बाहेरून त्याच्याबरोबर धावायला लागलो. साठ-सत्तर पावलं गेलो असेन, बरगड्यांत कळ आली आणि मी वाकून खोकायला लागलो. डोकं वर केलं तेव्हा तो समोरच्या वळणावर होता आणि त्याच्यापुढे दोघंच होते.

मग दोर. मग टेप. साहेबानं छाती मोजली, पुन्हा फुगवायला सांगितली, आकडा लिहिला आणि पुढे ढकललं. लांबून मला आकडा दिसला नाही, पण धाकट्याचं तोंड दिसलं. तेव्हा मला कळलं की या पोरानं वर्षभरात सिगारेट ओढलेली नाही. माझं नाक, माझे डोळे, माझी टेप, सगळं एका बाजूला आणि ती छाती एका बाजूला.

मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. मी म्हटलं, "पास झालास."

"झालो."

"तू ओढत नाहीस."

"नाही, अण्णा."

"मग संध्याकाळी कुठं जायचास? आणि देवाला का टाळायचास?"

त्यानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "अंडी खात होतो," तो म्हणाला. "व्यायामशाळेच्या बाजूला एक म्हातारी उकडून विकते. चार. पिवळं काढून, मिरपूड घालून. मास्तर म्हणाले, नुसत्या हरभऱ्यांवर इतक्या कमी दिवसांत अंग धरणार नाही. तसल्या हातांनी देव्हाऱ्याला कसा शिवणार?"

मी बघतच राहिलो. आमच्या घरात अंडं या वस्तूचं नावसुद्धा कुणी घेत नाही. शेजारच्या घरी कुणी केकचा तुकडा दिला तर आई तो हातात घेण्याआधी तीनदा विचारते, यात ते नाही ना. आणि हा बहाद्दर रोज चार.

"मग तेच सांगायचं होतंस," मी म्हणालो. "सिगारेट कशाला कबूल केलीस?"

"सिगारेट अप्पाही ओढत होते. आई रडेल, आणि माफ करेल. अंड्याचं सांगितलं असतं तर माझं ताट वेगळं झालं असतं, अप्पांच्या श्राद्धाला मला तिनं उभं केलं नसतं. भरती राहायची आणि घरातच रणकंदन."

"आणि ते थोटूक?"

"ते तुझं होतं, अण्णा." तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला राग आला. "भिंतीवर तुझा आकडा बघितला त्याच दिवशी मला कळलं. मग रोज पहाटे जिन्यात वास यायचाच. मला आता वास येतो ना."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय करायचं? मी नोकरी लागली की जाणार. तिच्याजवळ तूच राहणार आहेस. दोघांतला एक तरी तिच्या नजरेत चांगला राहू दे म्हटलं."

चहा संपवून तो उठला. मी टपरीवाल्याला पैसे दिले, शेजारी सिगारेटची पाकिटं रचलेली होती, आणि सवयीनं माझा हात तिकडे गेला. तो बघत नव्हता. बघितलं असतं तरी काही बोलला नसता. मी हात मागे घेतला.

त्या दिवसापासून मी ओढली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. खोटं लिहिणार नाही. दोन महिने मी सिगारेटशी झगडलो. सोडायची, चार दिवसांनी धरायची. एका चुकीला दुसरी जोडत गेलो. आईला सांगायचं म्हणून तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि कॉफी मागून परत आलो. भित्रा माणूस संशयी असतो, आणि संशयी माणूस भित्रा. मला दोन्ही नीट जमत होतं.

नेमणुकीचं पत्र आलं. प्रशिक्षणाला जायच्या सकाळी धाकट्याची ट्रंक आईनं भरली. दोन सदरे, पंचा, वडामाचा नवा डबा. मग एका फडक्यात बांधलेली मूठभर वेलची तिनं त्याच्या हातात दिली. "ओढावीशी वाटली की एक चघळ," म्हणाली. "तुझ्या अप्पांना मी वेळेवर सांगितलं नाही. तू ऐक माझं." तो वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "हो, आई." माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी ट्रंक उचलून रिक्षात ठेवली.

रिक्षा वळल्यावर आई दारातच उभी राहिली. पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तू कसा एका शब्दावर सोडलीस. वर्ष झालं, पुन्हा हात लावला नाहीस. त्याला पत्रात लिही ना रे, कशी सोडायची ते. मोठ्या भावाचं ऐकेल तो."

"लिहितो," मी म्हणालो.

तेव्हा मला सिगारेट सुटून अकरा दिवस झाले होते.